मुनीमजींची वजाबाकी: मेंदूतल्या एका गाठीचे तीन पेट स्कॅन

रुग्ण तुमसरचा, उपचार नागपुरात. वय ५१, उजव्या हाताने लिहिणारे, एका राइस मिलमध्ये पंचवीस वर्षे मुनीम. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला घरच्यांची हरकत नाही. मी न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर, म्हणजे पेट स्कॅन (शिरेतून दिलेला किरणोत्सारी पदार्थ शरीरात कुठे साठतो ते दाखवणारे चित्रण) वाचणारा. या प्रकरणात माझा पहिला रिपोर्ट जसा जायला नको होता तसा गेला. तेवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

नोव्हेंबरात धानाची आवक सुरू झाली की मिलमध्ये मुनिमाला मान वर करायला फुरसत नसते. त्या हंगामात मुनीमजींचा मेळ एकाही संध्याकाळी बसेना. काट्यावर २१२ कट्टे, वहीत २२१. मालकाला आधी वेगळाच संशय आला, आणि घरच्यांना आजही त्याचेच जास्त वाईट वाटते. मग डोळे तपासून झाले, चष्मा बदलून झाला. डिसेंबरात उजवा हात फडफडला आणि पाठोपाठ मोठी फिट आली, तेव्हा भंडाऱ्याहून त्यांना नागपूरला पाठवले.

न्यूरोसर्जनने शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. त्र्याण्णव आले, पुढे गाडी अडली. पण पाढे म्हणा म्हटल्यावर सात, तेरा, एकोणीस आणि वर पावकी न अडखळता म्हणून दाखवली. पाठांतर ही भाषेची गोष्ट आहे, वजाबाकीत मात्र संख्या डोळ्यांपुढे उभी करावी लागते. मेंदूच्या डाव्या पॅरायटल भागात या दोन कामांच्या जागा शेजारी असल्या तरी एक नाहीत. एमआरआयमध्ये नेमकी तिथेच ३.८ सेंटीमीटरची, कडेने कॉन्ट्रास्ट (चित्र उजळावे म्हणून शिरेतून दिलेले द्रव्य) घेणारी गाठ होती. आपल्याकडे अशी कडी दिसली की टीबीची गाठ किंवा पू हेही मनात येतेच. आणि ते वेगळे काढायला पेट स्कॅनचा भरवसा धरू नये, कारण टीबीची गाठही एफडीजी, म्हणजे पेटसाठी टोचायची किरणोत्सारी साखर, खुशाल ओढते. तुकडाच काढावा लागतो. शस्त्रक्रियेत जवळजवळ सगळी गाठ निघाली. तपासणीत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा अतिशय आक्रमक कॅन्सर: आयडीएच जनुकात बदल नसलेला, चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा, एमजीएमटी मेथिलेटेड (म्हणजे डीएनए दुरुस्त करणारे जनुक गाठीत बंद, त्यामुळे केमोच्या गोळ्या जास्त लागू पडतात).

पुढचे ठरलेले होते. ३० बैठकांत ६० ग्रे शेक (रेडिएशन), सोबत रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी आणि नंतर दर २८ दिवसांत पाच दिवस त्याच गोळ्या. २००५ पासून जगभर हाच क्रम चालत आला आहे. शेक फेब्रुवारीअखेर संपला, मार्चअखेरचा एमआरआय चांगला होता. बी.एस्सी.ला असलेल्या मुलीने घरी एक वही घातली: रोज संध्याकाळी पाच वजाबाक्या आणि पाच पाढ्यांतले प्रश्न. चुकलेले लाल शाईने. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मे महिना

मेच्या मध्यावर, शेक संपून अकरा आठवडे झाले असताना, डोकेदुखी वाढली. वहीत वजाबाक्या लाल होऊ लागल्या. एमआरआयमध्ये शस्त्रक्रियेच्या जुन्या पोकळीच्या कडेला २.४ सेंटीमीटरचा नवा उजळ भाग आणि भोवती सूज. एका डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि सांगितले, गाठ परत वाढली. गोळ्या बंद करा, बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारे औषध) सुरू करू. घरचे ट्यूमर बोर्डाकडे (अशा रुग्णांबद्दल मिळून निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या गटाकडे) आले ते हे ऐकून.

एमआरआयचा उजळपणा म्हणजे गाठ नव्हे. रक्तवाहिनी आणि मेंदू यांच्यामधला बांध जिथे फुटला आहे तिथून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचे कॉन्ट्रास्ट, बाहेर झिरपते, आणि उजळते ते झिरपणे. गाठ बांध फोडते, तसा शेकही फोडतो. शेकानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत असे खोटे वाढणे इतके सर्रास दिसते की २०१० च्या रॅनो निकषांनी (मेंदूच्या गाठीवर उपचार लागू पडतो आहे का हे ठरवायचे आंतरराष्ट्रीय निकष) पहिल्या १२ आठवड्यांसाठी कडक अट घातली. उजळ भाग शेकाच्या क्षेत्राबाहेर असेल किंवा तुकड्यात जिवंत गाठ सापडली असेल, तरच ‘वाढली’ म्हणायचे. एमजीएमटी मेथिलेटेड असलेल्यांत तर ही खोटी वाढ जास्तच आढळते. म्हणजे ज्यांना टेमोझोलोमाइडचा सर्वांत जास्त फायदा, त्यांचीच गोळी घाबरून बंद होण्याचा धोका जास्त.

बेव्हासिझुमॅबचा पेच आणखी वेगळा. ते औषध फुटलेला बांध लिंपते. सुरू केले असते तर पुढचा एमआरआय सुधारलाच असता, गाठ असो वा नसो. सूज उतरली असती, सगळ्यांना बरे वाटले असते आणि मेमध्ये तिथे नेमके काय होते ते कधीच कळले नसते.

परफ्यूजन एमआरआय, म्हणजे रक्तपुरवठा मोजणारा, करून पाहिला. जुन्या शस्त्रक्रियेतल्या रक्ताच्या खुणांनी चित्र खराब झाले. मग बोर्डातून माझ्याकडे निरोप आला: पेट करा.

पहिला स्कॅन, आणि माझी चूक

एफडीजी दुसऱ्याच दिवशी मिळत होता, म्हणून एफडीजी केला. खरे कारण एवढेच.

एफडीजी ही फ्लोरिन-१८ लावलेली साखर. पेशी तिला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज तिला फॉस्फेट जोडते आणि ती आत अडकून बसते. गाठी साखर अधाशासारखी खातात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. फुप्फुस, लसिका ग्रंथी, बहुतेक ठिकाणी हे तत्त्व कामी येते. मेंदूत मात्र आली पंचाईत. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो. करडा भाग, म्हणजे मुख्यतः कॉर्टेक्स हा वरचा पेशींचा थर, आधीच लखलखत असतो, त्याच्या शेजारी गाठ उजळली तरी दिवाळीतल्या पणतीसारखी. गंमत अशी की १९७६ मध्ये माणसाला पहिल्यांदा एफडीजी टोचला तो मेंदू पाहण्यासाठीच, आणि १९८२ मध्ये जिओव्हानी डी किरो यांनी ग्लिओमाची (ग्लिओब्लास्टोमा ज्या कुळातला, त्या गाठींची) श्रेणी जितकी वरची तितकी साखरेची ओढ जास्त, हे त्यानेच दाखवले. ते खरेच आहे. पण शेक दिलेल्या मेंदूत, करड्या भागाला चिकटून असलेल्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या जागेबद्दल विचारले की हे साधन तोतरे बोलू लागते.

त्या दिवशी आणखी काय काय होते ते लिहून ठेवतो. सूज उतरवण्यासाठीच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर १८६. आमच्या २०० च्या मर्यादेत बसली, पण मेंदूसाठी चढीच. खरी साखर आणि एफडीजी एकाच दारातून आत शिरायला धडपडतात आणि चित्र फिकट होते. एमआरआयची सीडी आमच्या संगणकावर उघडली नाही. बाहेर ४५ अंश, एसटीची वेळ झालेली, सोबत मुनीमजींचा मेहुणा सारखा घड्याळ पाहत होता. मी फिल्म लाइटबॉक्सवर लावली, शेजारच्या पडद्यावर पेट-सीटी, आणि नजरेने दोन्ही जुळवले. पोकळीच्या कडेचा भाग पांढऱ्या भागापेक्षा किंचित उजळ, विरुद्ध बाजूच्या करड्या भागापेक्षा मंद. लिहिले: लक्षणीय चयापचय नाही, शेकाचे परिणाम असण्याची शक्यता अधिक.

दोन दिवसांनी दुसरी सीडी आली आणि मी एमआरआय व पेट संगणकावर एकमेकांवर बसवले. मी ज्याला निरोगी करड्या भागाची पट्टी समजलो होतो, तिचा अर्धा भाग एमआरआयच्या उजळ डागात येत होता. म्हणजे डागाचा एक हिस्सा मंद आणि एक हिस्सा करड्या भागाच्या तोडीचा. तो हिस्सा गाठ होता की शेजारचा कॉर्टेक्स, हे त्या चित्रावरून कोणालाही सांगता आले नसते. चार-पाच तासांनी पुन्हा टेबलावर घेतले असते तर थोडी मदत झाली असती. उशिरा गाठीतला एफडीजी टिकून राहतो आणि निरोगी भागातला ओसरू लागतो, म्हणून फरक वाढतो. पण एसटी गेली होती.

मी रिपोर्ट दुरुस्त केला, ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहिले आणि बोर्डाला फोन केला. न्यूरोसर्जनने विचारले, मग दोन दिवसांपूर्वी कसा निघाला होता? त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. माझा निष्कर्ष शेवटी बरोबरच ठरला, हे पुढे येईलच. पण चुकीच्या रस्त्याने बरोबर गावी पोचलो, एवढाच त्याचा अर्थ.

उलटे चक्रवाढ व्याज

आता हवे होते किरणोत्सारी खूण लावलेले अमिनो आम्ल. निरोगी मेंदू त्याची ओढ फारशी करत नाही. ग्लिओमाच्या पेशींवर मात्र एलएटी-१ नावाचे वाहक दाट असतात, आणि तो रस्ता बांध फुटलेला असो वा शाबूत, उघडाच असतो. म्हणून पार्श्वभूमी अंधारी, गाठ उजळ. २०१६ पासून रॅनोचा पेट गट एफडीजीपेक्षा याच पदार्थांना झुकते माप देत आला आहे. यात तीन नावे जास्त चालतात: मेथिओनिन, आणि फ्लोरिन-१८ लावलेले एफ-डोपा व एफईटी. मेथिओनिनला कार्बन-११ लावलेला, तो दर २० मिनिटांनी निम्मा होतो; सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र) आवारात असेल तरच ते वापरायचे. एफ-डोपा चांगला, पण तो बेसल गँग्लियात (मेंदूच्या आत खोल असलेल्या भागात) स्वभावतःच उजळतो, त्यामुळे त्या भागालगतच्या गाठीत वाचताना जपावे लागते. इथे गाठ वर होती, एफ-डोपाही चालला असता. आम्ही विचारले तिथे आधी तारीख मिळाली ती एफईटीची, मुंबईत.

(या सगळ्याला सरसकट ‘मेटाबॉलिक’ म्हणतात. एफईटी पेशीत जातो, पण त्याचे प्रथिन बनत नाही, काहीच बनत नाही. तो फक्त दारावरची वर्दळ दाखवतो. शब्द रुळला आहे, म्हणून चालवून घ्यायचे.)

मुलीने विचारले, “सर, ते औषधच इकडे नाही का आणता येत?” रास्त प्रश्न होता. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तयार करणे, तपासणे, शिशाच्या डब्यात भरणे, विमानतळ, दीड तासाचे उड्डाण, इकडची गाडी असे पाच तास धरले तर शंभरातले पंधराच उरतात. अशक्य नाही, पण एका रुग्णासाठी कोणी करत नाही. कार्बन-११ तेवढ्याच वेळात बत्तीस हजारांत एक उरतो. मुनीमजी ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे डॉक्टरसाहेब, हे उलटं चक्रवाढ व्याज झालं.” वजाबाकी न जमणाऱ्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष मी केसपेपरवर लिहून ठेवला आहे.

विदर्भ एक्सप्रेस तुमसर रोडला थांबते, एवढी एक सोय. फिटच्या गोळ्या वेळेवर, सोबत मुलगी आणि तोच मेहुणा. मुंबईत पोचल्यावर त्या दिवशीचे उत्पादन फसले आणि स्कॅन दुसऱ्या दिवशी झाला. सायक्लोट्रॉनच्या कामात हे अधूनमधून घडते, पण परतीचे तिकीट वाया गेले.

एफईटीचा खरा उपयोग घ्यायचा तर इंजेक्शन टेबलावरच देऊन ४० मिनिटे सलग चित्रण करावे लागते. मग दोन गोष्टी हाती येतात. एक, गाठीची उजळी निरोगी बाजूच्या किती पट. दुसरी, ती काळाबरोबर कशी चढली-उतरली. जिवंत, आक्रमक गाठीत वक्ररेषा पहिल्या १०-२० मिनिटांत शिखर गाठते आणि उतरू लागते. शेकाने दुखावलेल्या भागात ती बहुधा शेवटपर्यंत हळूहळू चढतच राहते.

मुनीमजींचा सर्वाधिक पट आला २.०. जर्मन गटांनी या पहिल्या तीन महिन्यांसाठी सुचवलेली रेघ २.३ च्या आसपास आहे. म्हणजे आकडा रेघेखाली, पण अगदी निवांत बसावे इतका खाली नाही. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या रीतीने निरोगी भाग निवडला तर २.० चे २.२ व्हायला वेळ लागत नाही. माझा कौल वक्ररेषेवर होता. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढती होती.

बोर्डात यावर एकमत झाले नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे, तुकडा घ्या, वाद मिटवा. न्यूरोसर्जन म्हणाला, नुकत्याच दुखावलेल्या जागेतून सुईने काढलेल्या तुकड्यात नेक्रोसिस (नुसती मेलेली ऊती) निघाला तरी तुम्ही म्हणाल सुई चुकीच्या जागी गेली. शेवटी चार गोष्टी एका बाजूला पडल्या: वेळ अकरा आठवड्यांची, जागा शेकाच्या क्षेत्रात, एमजीएमटी मेथिलेटेड, वक्ररेषा चढती. टेमोझोलोमाइड चालू ठेवले, डेक्सामेथासोन काही दिवस वाढवले. जुलैत डाग लहान झाला, सप्टेंबरात त्याची नुसती कड उरली. वहीतल्या वजाबाक्या निळ्या झाल्या.

पुढची फेब्रुवारी

शेक संपून वर्ष झाले. मुलीचा फोन आला: “सर, बाबांचे पाढे चुकून राहिले. वजाबाकी बरोबर येते, पण सात आठे चोपन्न म्हणतात. तीनदा विचारलं.”

मी वही मागवून घेतली. मेमध्ये लाल खुणा वजाबाक्यांवर होत्या, आता पाढ्यांवर. एका माणसाच्या एका वहीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, आणि मेमध्ये याच वहीने आम्हाला घाबरवले होते हेही खरे. काहीतरी दाबते आहे एवढे वही सांगते. ते सूज आहे की गाठ, हे तिला कळत नाही. पण जागा बदलली आहे, ही शंका मला तिनेच दिली.

एमआरआयचा रिपोर्ट आला: कॉन्ट्रास्टमध्ये बदल नाही, फ्लेअर (सूज दाखवणाऱ्या) चित्रात मागच्या बाजूला किंचित वाढ, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. रेडिओलॉजिस्टचे काहीही चुकले नव्हते. जे दिसत नाही ते तो कसे लिहील? ग्लिओब्लास्टोमा बांध न फोडता पांढऱ्या भागातून पसरू शकतो, आणि मग कॉन्ट्रास्ट मूग गिळून बसते.

यावेळी मी एफडीजीचे नावही काढले नाही. पुन्हा मुंबई, पुन्हा एफईटी, तेच यंत्र, तीच ४० मिनिटे. तुलना करायची तर हे सारखे ठेवावेच लागते. जुन्या कडेवर पट १.८, वक्ररेषा चढती. तो भाग तसाच पडून होता. पण तिथून दोन सेंटीमीटर मागे आणि खाली, अँग्युलर गायरसच्या (पाठ केलेले पाढे जिथून येतात असे मानतात त्या भागाच्या) दिशेने, एमआरआयमध्ये साधा दिसणाऱ्या जागी नवा डाग: पट ३.४, बाराव्या मिनिटाला शिखर, मग उतार.

इथे मी एक खबरदारी घेतली. फिट येऊन गेली असेल तर कॉर्टेक्स तात्पुरता असाच उजळू शकतो, आणि मुनीमजींना फिटचा इतिहास होता. मुलीला विचारले, आठ महिन्यांत एकही फिट नाही, गोळी चुकलेली नाही. ईईजीही करून घेतला. शांत होता. मग रिपोर्टमध्ये लिहिले: नव्या जागी गाठीचा पुनरुद्भव, तुकड्याने खात्री करावी.

न्यूरोसर्जनने एफईटीचे चित्र एमआरआयवर बसवून नेव्हिगेशनमध्ये घेतले. नेव्हिगेशन म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना अवजाराचे टोक पडद्यावरच्या चित्रात कुठे आहे ते दाखवणारी यंत्रणा. एमआरआय एकटा असता तर तिथे जायला काही कारणच दिसले नसते. मी त्याला एकच विनंती केली होती, तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, जागा लिहून द्या. त्याने चार दिले. उजळ डागातले तिन्ही जिवंत ग्लिओब्लास्टोमा निघाले. चौथा वाटेतल्या जुन्या कडेचा. त्यात नेक्रोसिस, भिंती जाड झालेल्या रक्तवाहिन्या, व्रणाची ऊती, आणि गाठीची पेशी एकही नाही. गेल्या मेमध्ये ज्या जागेवरून गोळ्या बंद होणार होत्या, तिचा एक तुकडा असा हातात आला. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावरून सगळ्या कडेबद्दल बोलता येत नाही. पण जेवढा आला तेवढा स्वच्छ होता.

भाषेच्या भागाला लागून असल्यामुळे डागाचा मागचा थर तसाच ठेवावा लागला. आता लोमुस्टिन ही दुसरी केमो सुरू आहे. या आजारात पुनरुद्भवानंतरचा काळ महिन्यांतच मोजला जातो, हे मुलीला सांगितले आहे. तिनेच विचारले होते. मुनीमजींनी विचारलेले नाही.

माझ्या खोलीत दोन बदल झाले. एमआरआयची फाइल संगणकावर उघडल्याशिवाय मेंदूचा पेट वाचत नाही, मग एसटी सुटो की रेल्वे. आणि उपचारानंतरच्या ग्लिओमासाठी कोणी एफडीजी मागितला तर आधी फोन करून विचारतो, प्रश्न काय आहे. काहींना ते आवडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पाढे अर्धे परतले आहेत. सातचा अजून अडतो, पावकी मात्र सलग येते. पुढचा एफईटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मुलीने विदर्भ एक्सप्रेसचे जाण्याचे तिकीट काढले आहे. परतीचे तिकडे गेल्यावर, स्कॅन झाल्यानंतर काढणार आहे.